तुळसाच्या बाजूनं

अक्षता शिंगे इचलकरंजीजवळच्या कबनूरहून कोल्हापूरला एम. ए. करायला आली, तेव्हा साहित्य म्हणजे चांगली वाक्यं पाठ करायची आणि परीक्षेत उतरवायची, एवढंच तिला ठाऊक होतं. आई बायडाबाई यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची, भाऊ प्रसेनजीत तिथंच माग चालवायचा. घरात एवढं शिकणारी ती पहिलीच. नक्की काय शिकतेस, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. शिकतीया न्हवं, मग बास.

दुसऱ्या वर्षी तेजस्वी मॅडम वर्गावर आल्या. बारीक अंगाच्या, केस मागं घट्ट बांधलेले, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. विषय होता स्त्रीवादी समीक्षा. नाव ऐकूनच मुलांनी एकमेकांना कोपरं मारली. मॅडमनी फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुमच्यातल्या किती पोरी 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात?"

पोरी हसल्या. जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले.

"बाहेरची माणसं काय म्हणतात त्याला?"

"अशुद्ध म्हणत्यात."

"आणि तुमचे भाऊ तसंच बोलतात तेव्हा?"

"त्यांचं बरोबरच असतंय की," अक्षताची होस्टेलची मैत्रीण राजनंदिनी मागून ओरडली.

"मग बरोबर कुठलं नि चूक कुठलं, हे कुणी ठरवलं? चला, इथनंच सुरुवात करू."

त्या तासानंतर अक्षताचं वाचणंच बदललं. मॅडम सांगायच्या, गोष्ट हातात आली की आधी बघायचं, ती कोण सांगतंय आणि कुणाच्या डोळ्यांनी. गोष्टीतली बाई गप्प असेल तर ती खरंच गप्प होती, की तिचं बोलणं लिहिणाऱ्याला ऐकूच आलं नाही? अक्षता शाळेपासूनचे धडे आठवून आठवून नव्यानं वाचायला लागली. कधी राग यायचा, कधी हसू. आणि हे सगळं आपल्या हातात देणारी ही बाई तिला इतकी आवडली, की मॅडमचा तास नसेल त्या दिवशी कॉलेज सुनं वाटायचं.

डिसेंबरात मॅडमनी हंबीररावांची कथा वाचायला दिली. हंबीरराव म्हणजे ग्रामीण कथेतलं मोठं नाव आणि कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे उपाध्यक्षही. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना 'साहेब' म्हणायचे. ही त्यांची सर्वांत गाजलेली कथा. तुळसा नावाची मजूर बाई पाटलाच्या उसात भांगलायला, तण काढायला जाते. पाटलाचा पोरगा तिला एकटीला गाठतो. ती ओरडत नाही, कुणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येते आणि त्याच्याकडं बघून हसते. लेखक म्हणतो, धरणीसारखी क्षमा होती त्या हसण्यात. तीस वर्षं लोकांनी या शेवटाला दाद दिली होती.

पुढच्या तासाला मॅडमनी विचारलं, "काय वाटलं?" मग अक्षता उठली.

"मॅडम, मुरगूडजवळ माझं आजोळ आहे. सुट्टीत मामीबरोबर मी भांगलायला जायची. तुळसा दुसऱ्या दिवशी आली, कारण तिला येणं भाग होतं. क्षमा कुठनं आली?"

"अजून?"

"अजून एक आहे. ती कुठल्या वस्तीतनं येते ते लेखक सांगत नाही. पण ती बांधावर बसून वेगळं पाणी पिते, आणि पाटलीण तिच्या ओंजळीत भाकरी वरनं टाकते. दोन ओळीच आहेत. लेखकाला तिची जात माहीत आहे, फक्त सांगायची नाही. जात सांगितली असती तर क्षमेची गोष्ट उभीच राहिली नसती."

मॅडम खुर्चीतनं उठल्या. "हे मी इतक्यांदा वाचलंय अक्षता. मला हे दिसलं नव्हतं."

त्या संध्याकाळी मॅडमनी तिला साने गुरुजी वसाहतीतल्या आपल्या खोलीवर नेलं. चहा केला, भडंग काढलं. "हे सगळं लिहून काढ," म्हणाल्या. अक्षता लिहीत गेली, मॅडम वाचत गेल्या, खोडत गेल्या. शेवट काही केल्या जमेना. तेव्हा मॅडम खिडकीशी उभ्या राहून एकदम म्हणाल्या, "लिही. या कथेत तुळसा हसत नाही, लेखक हसतो." अक्षतानं लिहून घेतलं. वाक्य असं होतं, की पुढं काही लिहायची गरजच उरली नाही.

फेब्रुवारीत कॉलेजनं हंबीररावांच्या साहित्यावर एक दिवसाचं चर्चासत्र ठेवलं. दुपारी विद्यार्थ्यांचं सत्र होतं. मॅडमनी त्यात अक्षताचं नाव घातलं.

"हाच निबंध?" अक्षता घाबरली. "साहेब असतील की तिथं."

"ते उद्घाटनाला येतात आणि जेवून जातात. आणि असले तर असू देत. वाचक काय म्हणतो ते लेखकाला कळू दे."

"कुणी काही बोललं तर?"

"त्या सत्राची अध्यक्ष मी आहे. मी आहे की."

अक्षतानं त्यावर पुढं काही विचारलं नाही. पण त्या दिवशी हंबीरराव जेवून गेले नाहीत. पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर सकाळी मिळालेली शाल, असे ते पहिल्या रांगेत मधोमध बसले. शेजारी प्राचार्य. अक्षतानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान किंचित हलवली, म्हणजे वाच.

ती वाचत गेली. पाण्याच्या ओळीशी आली तेव्हा सभागृहातली कुजबुज थांबली. शेवटचं वाक्य तिनं वाचलं आणि कुणीतरी मागं "आयला!" म्हणालं. टाळ्या वाजल्या नाहीत.

हंबीरराव बसल्या जागेवरून बोलले. आवाज गोड होता. "बाळ, ते शेवटचं वाक्य परत म्हण बघू."

"या कथेत तुळसा हसत नाही, लेखक हसतो."

"हे तुझं हाय व्हय?"

अक्षतानं व्यासपीठाकडं बघितलं. मॅडम समोरचे कागद टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवत होत्या. जुळलेल्याच कडा पुन्हा जुळवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हो सर," अक्षता म्हणाली. "माझं."

"मग बाई, हे असलं शिकवता काय तुम्ही पोरास्नी?"

आता मात्र मॅडम उठल्या. अक्षताचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी माइक जवळ घेतला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"साहेब, हा निबंध मला आधी दाखवलेला नाही. नव्या पद्धती मुलांच्या हातात पडल्या की असं होतं. कुठं वापराव्यात याचं तारतम्य लागतं. अक्षता हुशार आहे, पण तिच्या वाचनात वैयक्तिक कडवटपणा जास्त आलाय. तिच्या घरच्या परिस्थितीतून तो येत असेल, त्याला आपण समजून घेऊ. त्या कथेतली करुणा कळायला वय लागतं. विभागाच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करते."

आता टाळ्या वाजल्या. हंबीरराव हसून हात हलवत म्हणाले, "असू दे, असू दे. पोरगी हाय. शिकंल."

ते वाक्य कुणाचं हे ठाऊक असलेली राजनंदिनी खुर्चीतनं अर्धी उठली होती. "मी सांगतो की सगळ्यास्नी, कुणी लिवलंय ते!" जागेवर परतलेल्या अक्षतानं तिचं मनगट धरून खाली बसवलं. का बसवलं, ते तिला स्वतःला कधी नीट सांगता आलं नाही. खरं तर तिला अजूनही वाटत होतं, की मॅडम आता पुढचं वाक्य बोलतील. 'तरीसुद्धा' म्हणतील, 'पण' म्हणतील. मॅडमनी पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं.

चहाच्या वेळी मॅडमनी तिला जिन्याखाली गाठलं.

"अक्षता, ऐक. नऊ वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवतेय. दर जूनमध्ये नवी माणसं माझ्या डोक्यावर येऊन बसतात. यंदा माझी कायमची ऑर्डर निघायचीय आणि ती साहेबांच्या सहीसाठी पडून आहे. मी काय करायला हवं होतं, सांग."

"मला आधी सांगायला हवं होतं. मी वाचलं नसतं."

"मला वाटलं, ते जेवून जातील."

"आणि माझी घरची परिस्थिती?" तिनं विचारलं. "ती कशाला काढलीत? तुम्ही गप्प बसला असता तरी चाललं असतं मॅडम."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढं केला. अक्षता बाजूला झाली आणि मुलींच्या घोळक्यातनं बाहेर पडली.

ती तशीच इचलकरंजीची एसटी पकडून घरी गेली. बायडाबाई नुकतीच शेडमधनं आली होती, केसांत कापसाची पूड अडकलेली.

"अवचित आलीस गं? कुणाशी भांडलीस काय?"

"न्हाई. मॅडमनी ओळख न्हाई दावली."

"म्हंजी? भांडली काय ती तुझ्यासंगं?"

"भांडली असती तर बरं झालं असतं, आई."

बायडाबाईला काही उलगडलं नाही. तिनं ताट वाढलं आणि लेक जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

अक्षतानं वर्ष पुरं केलं. मॅडमच्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसायची, विचारलं तेवढंच बोलायची. जूनमध्ये मॅडमची ऑर्डर निघाल्याचं कळलं. पुढं अक्षता प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाली आणि गडहिंग्लजच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावरच लागली. मॅडमवरचा राग हळूहळू निवत आला होता. दर जूनमध्ये कुणाच्या तरी दारात उभं राहायचं म्हणजे काय, हे आता तिलाही कळत होतं. भ्याली बिचारी, असं ती मनाशी म्हणायला शिकली होती.

मग काही वर्षांनी हंबीरराव वारले. वर्ष उलटलं नाही तोच राजनंदिनीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला आणि पाठोपाठ स्वतःच स्कूटीवरून आली. तिला गडहिंग्लजलाच दिलं होतं.

"बघितलास काय?"

पुण्यातलं व्याख्यान होतं. व्यासपीठावर तेजस्वी मॅडम, मागं मोठा फलक. आता त्या विभागप्रमुख होत्या. त्या तुळसाबद्दल बोलत होत्या. बांधावरचं वेगळं पाणी, वरनं टाकलेली भाकरी. "दोनच ओळी आहेत," मॅडम सांगत होत्या, "तीस वर्षं कुणाला दिसल्या नाहीत. मलाही फार उशिरा दिसल्या. आमच्याच संस्थेतल्या इतक्या मोठ्या लेखकाबद्दल हे बोलायला मला धाडस गोळा करावं लागलं." सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं, सलाम मॅडम.

"हे तुझं हाय," राजनंदिनी म्हणाली. "एक न् एक शब्द तुझा हाय. आपल्या वर्गात उठून बोललीवतीस तू."

अक्षतानं व्हिडिओ पुन्हा लावला. त्यात आपलं नाव कुठं येतंय का, हे ती अजून शोधत होती. स्वतःच्या त्या आशेचीच तिला लाज वाटली.

शनिवारी ती कोल्हापूरला गेली. विभागप्रमुखांच्या खोलीत मॅडम एकट्याच होत्या. तिला बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"तू व्हिडिओ बघितलास."

"बघितला."

"मी नाव घेणार होते अक्षता. ऐन वेळेला राहिलं. आता पुस्तक येतंय, त्यात तळटीप देते तुझ्या नावाची. नक्की."

"तळटीप नको मला."

"मग काय हवंय?"

"त्या सभागृहात या. तीच माणसं बोलवा. सांगा, की निबंध तुम्ही वाचला होता, आणि कडवटपणा माझ्या घरातनं आला नव्हता, त्या कथेतनं आला होता."

मॅडम खाली बसल्या. "साहेब गेले. आता ते सगळं उकरून काय मिळणार आहे?"

"तुम्हाला मिळालं की. ते गेले म्हणून तुम्हाला बोलता आलं. मी ते समोर असताना बोलले होते."

"माझ्यावर तुझा इतका राग आहे?"

"राग असता तर मी आधीच आले असते. मॅडम, त्या दिवशी तुम्ही भ्यालात, ते मी गिळलं. पोटाचा प्रश्न होता. पण पुण्यात तुम्हाला कुणाची भीती होती?"

मॅडमचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं, हे अक्षताला दिसत होतं. पूर्वी त्या डोळ्यांसाठी तिनं काहीही केलं असतं. ती थोडा वेळ थांबली. मॅडम काही बोलतील म्हणून नाही, पाय निघेनात म्हणून. मग "येते," म्हणून बाहेर पडली. पुस्तक पुढं आलं. तिनं ते उघडून बघितलं नाही.

त्या भेटीनंतरच्या सोमवारी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला स्त्रीवादी समीक्षा सुरू करायची होती. अक्षता वर्गात गेली खरी, पण बराच वेळ टेबलापाशी नुसतीच उभी राहिली. हे सगळं आपण ज्या तोंडून ऐकलं, ते आठवलं की शब्द पुढं येईनात. पोरं चुळबुळायला लागली. शेवटी तिनं खडू ठेवला आणि विचारलं, "तुमच्या गल्लीतल्या बायकांना हाक कशी मारतात? त्यांच्या नावानं, की कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको म्हणून?"

वर्गात गलका झाला. कुणी सांगितलं, आमच्या आज्जीचं नाव रेशनकार्ड बघून कळलं. कुणी म्हणालं, आमच्याकडं सरळ नावानं मारत्यात, काय बिघडतंय! तास कधी संपला ते कळलं नाही.

घंटा झाल्यावर क्रांती नावाची पहिल्या बाकावरची मुलगी मागं रेंगाळली.

"मॅडम, हे असं वाचायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

अक्षता पुस्तकं गोळा करत होती. हात थांबले.

"कोल्हापूरला होत्या एक. तेजस्वी मॅडम."

"चांगल्या होत्या काय?"

अक्षतानं पुस्तकं छातीशी धरली. दाराबाहेर पुढच्या तासाची पोरं जमली होती.

"शिकवायच्या चांगल्या," ती म्हणाली.