बाहेरून की आतून

डॉक्टर हेलेविकबाई प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल सांगत होत्या आणि तोर्गेइर खिडकीतून फ्योर्डच्या, डोंगरांमधल्या त्या खाडीच्या, पाण्यावरच्या फेरीबोटीकडे बघत होता. त्याच बोटीच्या इंजिनखोलीतून तो निवृत्त झाला होता. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

"गाठ बाहेर पसरलेली नाही," बाई म्हणाल्या. "बाहेरून किरण देता येतील, पण काही आठवडे रोज यावं लागेल. नाहीतर किरणोत्सारी दाणे सुईनं आतच बसवू. एकदाच भूल, पण लघवीचा त्रास सुरुवातीला जास्त. तुमच्या बाबतीत गुण दोन्हींचा सारखाच. काय करू या?"

"बाहेरून."

गाडीत बसल्यावर त्याच्या बायकोनं, राग्नफ्रीडनं, किल्ली फिरवलीच नाही. "बाहेरून का?"

"तोंडाला आलं."

"घराच्या रंगावरून अख्खा हिवाळा माझं डोकं खाल्लंस, आणि इथे तोंडाला आलं?"

रविवारी तिचा भाऊ आस्ब्योर्न कॉड मासा घेऊन आला. त्यालाही हाच कॅन्सर झाला होता आणि त्यानं दाणे बसवून घेतले होते.

"दाणेच घे," मासा साफ करता करता तो म्हणाला. "काही महिने गावातला प्रत्येक आडोसा पाठ होतो, एवढंच. मग विसरूनही जातोस."

"घाबरला होतास?"

आस्ब्योर्नचा सुरा थांबला. "बोटघराचं दार लावून रडलो. लहान पोरासारखा."

तोर्गेइरला त्याचा हेवा वाटला. कित्येक दिवसांत त्याला वाटलेलं ते पहिलंच काहीतरी होतं.

त्या संध्याकाळी बटाटे सोलताना तो म्हणाला, "बाहेरूनच घेतो. निवृत्त झाल्यापासून मला रोज कुठे जायचंच नाहीये."

"म्हणजे कॅन्सरची ड्यूटी धरणार?"

"तसंच समज."

राग्नफ्रीड हसली नाही, पण पुन्हा वादही घातला नाही.

शहरात इस्पितळाजवळच्या, रुग्णांसाठीच्या हॉटेलात तो एकटाच राहिला. रोज पाणी पिऊन मूत्राशय भरायचं, यंत्राखाली निश्चल पडायचं. "दुखतंय का?" यंत्र चालवणारी मुलगी विचारायची. "नाही," तो सांगायचा, आणि ते खरंच होतं.

पुढच्या वर्षी रक्ताचा अहवाल चांगला आला. दवाखान्याच्या आवारातच राग्नफ्रीड हुंदके देऊन रडली. तोर्गेइरनं तिची पर्स धरली, तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्यालाही आता रडू येईल, अशी वाट बघत तो थोडा वेळ थांबला. आलं नाही.

मग त्यानं तिच्याकडून किल्ली घेतली. "मी चालवतो," तो म्हणाला.