त्सोनका मावशीच्या गुडघ्यातलं तेल

द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहायला जागा नव्हती. एरवी तिथं त्सोनका मावशी एकटीच बसून मिरच्या भाजायची. त्या रविवारी आसपासच्या गावांतून लोक ट्रॅक्टर भरभरून आले होते. ज्याच्या त्याच्या हातात कापसाचा बोळा. मधोमध खुर्चीत मावशी, उजवा पाय स्टुलावर लांब केलेला, गुडघ्यावर भरतकामाचं पांढरं फडकं.

"शांत राहा!" एवलोगी बाबा गरजला. "संतांच्या हाडांतून सुगंधी तेल झरतं, हे देवळात ऐकलंत ना? आज डोळ्यांनी बघा! शहरातल्या डॉक्टरांनी या मायच्या पायात लोखंड घातलं. देवानं त्या लोखंडालाच संताचं हाड केलं!"

त्यानं फडकं उचललं आणि प्रार्थना सुरू केली. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "देवापुढे गुडघा वाकव, त्सोनका!"

मावशीनं ओठ दाबून पाय स्टुलावरून खाली घेतला आणि वाकवला. गुडघ्याच्या कडेला मसुराएवढं भोक होतं. त्यातून एक हिरवट थेंब आला. मग दुसरा. आणि वास खरंच गोड होता. जूनमध्ये लिंडनची झाडं फुलली की रस्त्यावर येतो ना, तसा. बायका रडत रडत क्रूसाची खूण करू लागल्या. कापसाचे बोळे पुढे सरसावले.

मी तिच्या बहिणीचा मुलगा. मला रडू आलं नाही, संताप आला.

आदल्या वर्षी जिल्ह्याच्या इस्पितळात मावशीच्या गुडघ्याचा सांधा बदलला होता. काही महिने ती बाजारापर्यंत पायी जायची, वाटेत भेटेल त्याला नवा गुडघा ठोकून दाखवायची. मग तो गरम राहू लागला, सुजला, ताप येऊ लागला. आम्ही राकियाच्या, म्हणजे फळांच्या कडक दारूच्या, पट्ट्या ठेवल्या. आमच्याकडे ताप असो, सूज असो, सगळ्याला राकिया, बाहेरून आणि आतूनही. इस्पितळानं गोळ्या दिल्या आणि फरक पडला नाही तर लगेच परत या, असं बजावलं. पण त्याआधीच गुडघा आपोआप फुटला. कोंडलेला पू बाहेर पडल्यावर ठणका ओसरला, ताप उतरला. नेमका त्याच आठवड्यात एवलोगी गावात उपटला होता. श्रेय त्याच्या झोळीत गेलं.

हा एवलोगी कुठल्याच मठाचा नव्हे. आधी हा म्हाताऱ्यांना फुकट सहलीला न्यायचा आणि वाटेत चुंबकाच्या गाद्या त्यांच्या गळ्यात मारायचा. आता काळा झगा चढवला, पण तोंड तेच. "आजच घ्या, माय! उद्या ही कृपा मिळायची नाही!" मावशीच्या गोळ्याही त्यानंच बंद केल्या होत्या. म्हणे त्यांनी तेल नासतं.

म्हणून मी जिल्ह्याहून हाडांच्या डॉक्टर वेलेवांना घेऊन आलो होतो. गर्दी सारत आम्ही पुढे पोचलो, तेव्हा शेजारची पेंका म्हातारी ओला बोळा स्वतःच्या डोळ्याकडे नेत होती.

डॉक्टरांनी तिचा हातच धरला. "आजी, डोळा गमवायचाय का?"

"मोतीबिंदूला लावते गं पोरी. तुझं काय जातंय?"

"माझं काही नाही. तुमचा डोळा जाईल." डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि मावशीपाशी बसल्या. "बाबा, तुम्ही जरा गप्प राहा. मावशी, मी मिरच्यांच्या लोणच्याची कृती म्हणते. तुम्ही पाय वाकवा. हं, मिरच्या धुऊन घ्या, व्हिनेगर, मीठ, सेलरीची पानं..."

मावशीनं पाय वाकवला. थेंब आला.

"लोणच्यालाही तेल सुटलं की!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"आता पाय सरळ ठेवा, हलवू नका. बाबा, करा सुरू. हवी तेवढी लांब प्रार्थना करा."

एवलोगीनं सगळे संत पालथे घातले. गुडघा कोरडा. झरला तो फक्त त्याच्या कपाळावरचा घाम.

"हे तेल नाही, पू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सांध्यात साठलाय. पाय वाकवला की दाब पडतो आणि भोकातून बाहेर येतो. हा वास आमच्या जखमांच्या वॉर्डात येतो. एका जातीच्या जंतूचा वासच असा गोड असतो आणि रंग असा हिरवा."

"पण शरीर त्याला मारत का नाही?" मी विचारलं.

"धातूत रक्त फिरत नाही. जंतू त्याला चिकटतात आणि स्वतःवर बुळबुळीत थर चढवतात, पाण्याच्या नळीत बसतो तसा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला येतात, पण तो थर त्यांना भेदता येत नाही. औषधही आत पुरेसं पोचत नाही. पेशी येतात, मरतात, पुन्हा नव्या येतात. तुम्ही कापसावर टिपून घरी नेताय ना, ती बरीचशी त्यांची प्रेतं आहेत."

मग डॉक्टर मावशीकडे वळल्या.

"मावशी, हा सांधा काढावा लागेल. आत्ता काढला तर पाय वाचवता येईल, पुढे नवा बसवता येईल. थांबलात तर विष रक्तात जाईल."

"बघा, बघा! देवाची धार बंद करायला आलीय!" एवलोगी किंचाळला.

"गावात कधी नव्हे ते काही घडलं, तर तेही यांना बघवत नाही," पेंका पुटपुटली.

मावशीनं गर्दीवरून नजर फिरवली. सगळ्यांवरून, सावकाश. मग म्हणाली, "आज नको गं बाई. लोक लांबून आलेत."

एवलोगी त्याच संध्याकाळी पसार झाला. गर्दी मात्र येतच राहिली. आता बाबाचीही गरज उरली नव्हती. मी रोज मावशीच्या हातापाया पडायचो. ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात जाऊ."

मग एका सकाळी ती थंडीनं कुडकुडत पडलेली सापडली. विष रक्तात गेलं होतं. डॉक्टर वेलेवांनी पाय मांडीतून कापला, तेवढाच मार्ग उरला होता. शुद्धीवर आल्यावर मावशीनं मला जवळ बोलावलं.

"मला ठाऊक होतं रे."

"काय ठाऊक होतं?"

"तेल नाही ते. अंथरुणाला तोच वास यायचा. देवाचं तेल एवढं ठणकतं होय? मी काय खुळी आहे?"

"मग का गं बसलीस तशी?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. "तुझा काका गेल्यापासून त्या मांडवाखाली कोण आलं होतं? पेंका भिंतीपलीकडे राहते. परवा पहिल्यांदा माझ्यासाठी चीज भरलेली गरम बनित्सा भाजून घेऊन आली."

ती वाचली नाही. फाटकावर तिचा फोटो छापलेला, मृत्यूची बातमी देणारा कागद चिकटवत होतो, तर पेंका हळूच जवळ आली. डोळे लाल, आवाज दबका. "त्यातला एखादा बोळा उरलाय का रे?"

"सगळे चुलीत घातले," मी म्हणालो.

लोकहो, सांधा बदललेल्या माणसाचा गुडघा गरम लागला, सुजला, फुटला, तर त्याला त्याच दिवशी इस्पितळात न्या. हाडातून, धातूतून, मूर्तीतून काही झरताना दिसलं, तर कपाळाला लावण्याआधी विचारा, हे येतं कुठून? विचारल्यानं खरा देव रागावणार नाही, आणि खोटा बाबा संध्याकाळपर्यंत गाव सोडेल. आणि शेजारची म्हातारी एकटी मिरच्या भाजत असेल, तर आजच जाऊन तिच्या मांडवाखाली बसा. तिच्या गुडघ्याला भोक पडायची वाट बघू नका.