तासाभराची किल्ली

"सोन्या, चहा ठेवू का रे?" नवीने काचघराच्या दारातून विचारलं, आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरशी बसलेल्या ताईने नको ती ओळ पुसून टाकली.

सोन्या हे नाव ताईचं होतं. म्हणजे भावाचंच, पण ठेवलेलं ताईने, तो रांगत होता आणि ती फ्रॉक घालत होती तेव्हा. बाहेरचे सगळे त्याला डॉक्टर म्हणत. डॉक्टर झाडांचा. कुणाचं पान पिवळं पडलं, कुणाच्या कळ्या न उमलताच गळल्या, की लोक त्याच्या नर्सरीत येत, आणि तो पान उलटं करून असा बघे, की जणू पान आता जीभ बाहेर काढणार आहे. बायको त्याला 'अरे' म्हणायची तोवर ताईची काही हरकत नव्हती. पण परवापासून ती 'सोन्या' म्हणायला लागली होती, आणि तोही निर्लज्जासारखा ओ देत होता.

नवी हे नावही ताईनेच ठेवलेलं, पण ते मनातल्या मनात. लग्न होऊन वर्षं लोटली तरी ती नवीच. चप्पल महिन्याभरात जुनी होते, भावजयीचं तसं नसतं.

नर्सरीला अ‍ॅप होतं. गिऱ्हाइकाने आजारी पानाचा फोटो पाठवायचा, डॉक्टरने औषध सांगायचं. कल्पना भावाची, बांधकाम सगळं ताईचं. ती हे कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. व्हिडिओ बघत, चुकत, लोकांनी इंटरनेटवर मांडलेली भांडणं वाचत ती शिकली होती. फोटो क्लाउडमध्ये ठेवायचे, म्हणजे दूरच्या कुणाच्या तरी वखारीत भाड्याने जागा घ्यायची, एवढं तिला कळलं. वखारीला किल्ली असते, लांबलचक अक्षरांची, हेही कळलं. मग तिने ती किल्ली अ‍ॅपच्या पोटात लपवून टाकली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तीच एक किल्ली, गिऱ्हाइकाला पत्ता नाही. मोठी किल्ली, सगळे कप्पे उघडणारी, ताईकडे. काही अडलं की भाऊ खोलीच्या दारात येऊन म्हणायचा, "ताई, जरा उघडून दे ना." या एका वाक्यावर तिचे दिवस बरे चालले होते.

आणि तिला ते फोटो बघायलाही आवडायचे. लोक झाडाचा फोटो काढतात, पण मागे अख्खं घर येतं. न आवरलेली गादी, खिडकीत वाळत घातलेले मोजे, औषधांच्या बाटल्यांशेजारी तुळतुळीत पुसलेलं शोभेचं झाड. कोण एकटं राहतं आणि कुणाच्या घरी बाळ आलं, हे ताईला पानांच्या आडून कळायचं. ती कुणाला बोलली नाही कधी. पण बघायची.

मग एके सकाळी नवीने अ‍ॅप उकललं आणि चहा निवायच्या आत आतली किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणजे स्क्रीनवर दाखवली.

"ताई, रागावू नका हं. पण ही किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखी आहे."

"इतकी वर्षं कुणी पायपुसणं उचललं नाही," ताई म्हणाली.

"उचललं असतं तर आपल्याला कळलं कसं असतं?"

भाऊ हसला. बोलणं नाही, ते हसणं ताईला लागलं. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

नवीने मग खुर्ची ओढून नवा बेत समजावला. नोकरीत ती हेच काम करायची, त्यामुळे तोंडपाठ होतं. "गिऱ्हाईक ज्या मेलच्या खात्याने सगळीकडे लॉगिन करतं, त्यानेच आपल्याकडे करेल. पासवर्ड आपल्यापर्यंत येणारच नाही. मेलवाली कंपनी सही करून एक चिठ्ठी देईल, की हा माणूस तोच आहे. ती चिठ्ठी घेऊन अ‍ॅप क्लाउडच्या दाराशी जाईल. दारावर आपण नियम लिहून ठेवायचा. नियमात बसली तर एका तासाचा पास मिळेल, तोही ज्याच्या त्याच्या कप्प्यापुरता. तास संपला की पास मेला. पुन्हा यायचं तर पुन्हा चिठ्ठी."

"म्हणजे नको असलेला पाहुणा," ताई म्हणाली. "चिठ्ठी बघायची, तासभर बसवायचं, आणि उठवायचं."

"अगदी तसंच!" नवी आनंदली. "किती छान सांगितलंत!"

टोमणा मारावा आणि समोरच्याने तो कौतुकाने उचलून घ्यावा, यापरता वैताग नाही.

"आणि माझी मोठी किल्ली?"

नवीने कप बाजूला सारला. "तीही काढायची, ताई. आपण तिघांनीही लॉगिन करूनच जायचं. डॉक्टरांच्या पासावर त्यांच्याकडे तपासायला आलेले फोटो, माझ्या पासावर अ‍ॅपचं काम, तुमच्या पासावर वखारीची देखभाल. गिऱ्हाइकांचे कप्पे सगळेच्या सगळे कुणालाच नाहीत."

ताईने भावाकडे पाहिलं. तो कुंडीतली माती बोटाने चाचपत होता. "बरोबर वाटतंय गं," तो कुंडीला म्हणाला.

किल्ली गेली की दारात उभं राहून 'ताई, जरा उघडून दे' म्हणायला कोण येणार? मग आपण या खोलीत कोण? भाड्याने बसलेली बाई? ताईच्या पोटात जे दुखायला लागलं त्याला झाडांच्या डॉक्टरकडे औषध नव्हतं.

कामाची वाटणी झाली. अ‍ॅपमधलं लॉगिन नवी करणार, दारावरचा नियम ताई लिहिणार. ताई ईर्ष्येने पेटून कामाला लागली. नियम लिहिणं अवघड नव्हतं. एका ठिकाणी मात्र अ‍ॅपचा नंबर घालायचा होता. नवीने मेलवाल्या कंपनीकडे अ‍ॅपची नोंदणी केली होती, तेव्हा मिळालेला नंबर. तो कशाला लागतो हे ताईला माहीत होतं. कुणाकडे आहे हेही माहीत होतं. विचारायचा म्हणजे काचघरातून पलीकडे जायचं आणि 'अगं, जरा सांगतेस का' म्हणायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं. नंतर घालू म्हणून तिने ती जागा सोडून दिली, आणि नियम त्याशिवायही चालला. त्याची खोड तीच होती.

नवीचा मेसेज आला होता खरा. फोनवर त्याची पहिली ओळ दिसली: 'ताई, तुमच्याशिवाय हे जमलंच नसतं...' लोणी, ताईने ठरवलं, आणि फोन पालथा घातला.

चाचणीच्या दिवशी कॅक्टसवाले काका हजर झाले. हे जुने गिऱ्हाईक. त्यांचा कॅक्टस वर्षानुवर्षं आजारी होता आणि काकांची तब्येत त्यामुळे उत्तम होती. त्यांनी फोन लांब धरून लॉगिन केलं, डोळे बारीक केले, आणि फोटो चढला.

"माझं मलाच दिसतंय," ते म्हणाले. "दुसऱ्यांचं काही दिसत नाही."

"तसंच हवं, काका."

"हो, पण थोडं दिसलं असतं तर करमणूक झाली असती."

ताई या माणसाच्या प्रेमात पडता पडता राहिली.

"कमाल केलीस!" भाऊ नवीला म्हणाला. ताईला नाही, नवीला. आणि तिच्या केसांत अडकलेलं वाळकं पान काढून टाकलं. लहानपणी याच्या डोक्यातली माती कोण झटकायचं, ते आता विचारू नये.

ताई आपल्या खोलीत येऊन बसली. संध्याकाळी जुनी किल्ली कायमची बंद व्हायची होती. त्याआधी आपलं दार एकदा आपण वाजवून बघावं म्हणून तिने स्वतःच्या लॉगिनची चिठ्ठी उचलली आणि दाराला दाखवली. दार उघडलं. तासाचा पास मिळाला. छान.

मग तिचं लक्ष गेलं. चिठ्ठी चुकीची होती.

ती या अ‍ॅपची नव्हतीच. शिकताना ताईने सरावासाठी इमारतीतल्या पुस्तकांच्या कपाटाचं एक छोटं अ‍ॅप केलं होतं. कोण कुठलं पुस्तक घेऊन गेलं, एवढ्यापुरतं. त्याची खिडकी शेजारी उघडी होती, चिठ्ठी तिथली उचलली गेली. आणि दाराने ती हसत घेतली. सही खरी, माणूस खरा, मग या. चिठ्ठी कुठल्या अ‍ॅपसाठी दिली आहे हे दाराने विचारलंच नाही, कारण ताईने विचारायला सांगितलंच नव्हतं.

तिची कानशिलं तापली. उद्या कुणी वात्रटाने फुलांचं एखादं अ‍ॅप काढलं, काकांनी हौसेने त्यात लॉगिन केलं, की काकांची चिठ्ठी त्या वात्रटाच्या हातात. ती घेऊन तो इथे येणार आणि काकांचा कप्पा उघडणार. काकांची न आवरलेली गादी, काकांच्या औषधांच्या बाटल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या याच.

आणि मग दुसरा विचार आला. तो चांगला नव्हता, पण मांजरासारखा गुपचूप येऊन मांडीवर बसला. आज गप्प बसलं तर? कधीतरी बोंब होईल. बेत कुणाचा? नवीचा. भाऊ दारात येईल, तोंड एवढंसं करून, आणि म्हणेल, 'ताई, तुझी किल्लीच बरी होती गं.' ताईने ते वाक्य मनात दोनदा ऐकलं. ऐकायला फार गोड होतं.

बाहेर काका विचारत होते, "डॉक्टर, हे पक्कं आहे ना? नाही, माझ्या घरात कुणी येत नाही, पण फोटोत घर दिसतं."

"दार ताईने बांधलंय, काका," भाऊ म्हणाला. "ताईने केलेलं मी तपासत नाही."

तो हे तिला ऐकू जावं म्हणून म्हणाला नव्हता. पाणी घालता घालता म्हणाला, झारीचा आवाजसुद्धा थांबला नाही. मांडीवरचं मांजर उठलं आणि गेलं.

ताई दारात जाऊन उभी राहिली. "दार उघडं आहे," ती म्हणाली.

काकांनी वळून काचघराचं दार पाहिलं. "लावू का?"

"ते नाही, काका. माझं. क्लाउडचं. कुठल्याही अ‍ॅपची चिठ्ठी चालतेय. मी अ‍ॅपचा नंबर घातलाच नाही."

झारीचा आवाज थांबला. नवीने हातातला फोन खाली ठेवला. ताईला वाटलं, आता ही गोड बोलणार. 'असू द्या ताई, होतं असं.' मग आपल्याला आयुष्यभर तिच्या मोठ्या मनाखाली राहावं लागणार.

"नंबर घातला नाहीस?" नवी म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "मी पाठवला होता ना! पहिल्याच दिवशी! मेसेज बघायला काय झालं होतं तुला? मी इथे काकांना पक्कं आहे, पक्कं आहे म्हणून सांगतेय, आणि तू... बघितलाच नाहीस तो? का?"

"पहिली ओळ वाचली."

"मग?"

"लोणी वाटलं."

"लोणी!" नवी खुर्चीत बसली. "अगं, मला कुणाला काही सांगायचं तर आधी काहीतरी बरं बोलावं लागतं, नाहीतर तुझं तोंड बघवत नाही!"

एवढं बोलून तिचंच तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. भाऊ झारी धरून दोघींच्या मधोमध उभा होता. कुठल्या बाजूचं झाड वाचवावं हे न कळलेल्या माळ्यासारखा. काका मात्र निवांत बसून ऐकत होते. करमणूक झाली होती.

ताईला राग यायला हवा होता. पण ही तिला 'तू' म्हणाली होती, एकदा नाही, धडाधड. इतक्या वर्षांत या बाईने तिला 'अहो ताई'च्या पलीकडे येऊ दिलं नव्हतं. किंवा ताईनेच तिला दारात थांबवलं होतं. काय खरं ते आता कोण बघणार. भांडायचं तर घरातल्यासारखं भांडावं लागतं, आणि हे भांडण घरातलं होतं.

"चल आत," ताई म्हणाली. "नंबर वाचून दाखव. मला चष्म्यातून एवढी अक्षरं दिसत नाहीत."

चष्म्याचं खोटं होतं. नवीने खुर्ची तिच्या खुर्चीला लावली आणि नंबर हळूहळू वाचला. ताईने तो रिकाम्या जागेत घातला. मग कपाटाच्या अ‍ॅपची चिठ्ठी पुन्हा दाखवली. दाराने नाही म्हटलं. बाहेर काकांना त्यांच्या फोनवरून पुन्हा लॉगिन करायला लावलं, दाराने हो म्हटलं. दोघी ते 'नाही' आणखी एकदा बघत बसल्या, कारण ते 'हो'पेक्षा बरं वाटत होतं.

जुनी किल्ली बंद करायचं बटण ताईनेच दाबलं. "मी करू का?" असं नवीने विचारलं, तेव्हा ताईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने हात मांडीवर ठेवले. बटण दाबलं आणि काहीही झालं नाही. वखार तिथेच, फोटो तिथेच, फक्त कुणाच्या गादीमागे काय आहे ते आता ताईला दिसणार नव्हतं. तिला थोडं एकटं वाटलं. मोजे वाळले असतील का, असं काहीतरी उगाच मनात येऊन गेलं.

काका गेले. तिघं चहा प्यायले. मग ताईने देखभालीचं काम उघडलं तर स्क्रीन म्हणाला, तुमचा वेळ संपला आहे, पुन्हा लॉगिन करा.

"मला विचारतोय हा," ताई म्हणाली. "मी कोण म्हणून!"

"मलाही विचारतो," नवी म्हणाली. "सगळ्यांना विचारतो." आणि बाहेर ओरडली, "सोन्या, कप उचलून ने रे!"

ताईच्या पोटात पुन्हा तेच. गेलं नव्हतं ते, कुठे जाणार.

"हे बघ," ती म्हणाली, "त्याला सोन्या मी म्हणते. तू दुसरं काहीतरी शोध."

नवीने तिच्याकडे पाहिलं. थट्टा आहे की नाही याचा तिने बराच अंदाज घेतला. थट्टा नव्हती.

"तासापुरतं तरी?" तिने विचारलं.

ताईने पासवर्ड टाइप केला, चुकला, पुन्हा केला. "तासापुरतं," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "मग पुन्हा येऊन विचारायचं. मला."