पोर रडेपर्यंत

नर्स चांगुणाने बाळाचे दोन्ही पाय एका हातात धरून त्याला उलटे केले आणि तळव्यावर टिचकी मारली. मग आणखी एक मारली. बाळ रडले नाही.

टेबलावर ठेवून तिने त्याच्या छातीला नळी लावली. काळीज व्यवस्थित धडधडत होते. श्वास मात्र आळसावलेला. एक आला की दुसरा येतो की नाही, अशी वाट पाहायला लावणारा. हातपाय ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. असे मूल तिने महिन्यापूर्वीच खडी फोडायच्या कामावर पाहिले होते. कामाच्या वेळात निजावे म्हणून आईने अफू चाटवलेले.

तिने बाळाच्या नाकातोंडावर ओठ टेकून हलकेच फुंकर घातली. इवलीशी छाती वर आली, खाली गेली. मग ती बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या लंकाबाईकडे वळली. लंकाबाई गावची सुईण. शहजादीबीने सून हसीनाला दवाखान्यात आणले, ते हिला सोबत घेऊनच. एरवी चांगुणा तिला मावशी म्हणे.

"हसीनाला अफू चारलीस तू?"

"न्हाई ओ बाई."

"खोटं बोलू नकोस! ओच्यात काय आहे?"

लंकाबाईने ओचा सोडला. चिंधीत मिरीएवढी काळी गोळी होती. चिंधीवरचा दोरा अजून तसाच करकचून बांधलेला होता.

"हाय की. पर दिली न्हाई. ती मागनं द्यायची, पोर रडल्यावर. माझ्या सासूनं शपथ घातली हुती, पोर रडंपतूर आईच्या तोंडात अफू घालायची न्हाई. आई झोपली की पोटातलं बी झोपतं."

"असं काही नसतं," चांगुणा सवयीने म्हणाली. फुंकर घालायला वाकली, आणि अर्ध्यातच थांबली.

नेवाशाच्या शिबिराला जाताना डॉक्टर सांगून गेले होते, कळा अगदीच सोसवेनात तर पेथिडीनचे एक इंजेक्शन दे. दोन तासांपूर्वी तिने ते दिले होते. हसीनाचे ओरडणे थांबले, डोळे मिटले, तेव्हा ती लंकाबाईला हसून म्हणालीही होती, "बघितलंत मावशी? तुमच्या अफूची गरजच नाही."

नर्सिंगच्या परीक्षेत तिने वारेची आकृती काढली होती. आईचे रक्त तांबड्या पेन्सिलीने, बाळाचे निळ्या, मधे पातळ पडदा. दोन्ही रक्ते मिसळत नाहीत, असे लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्या पडद्यातून बाळाला अन्न मिळते, हेही त्याच उत्तरात होते. अन्न जाते, तर औषध कशाने अडेल? हे तिला कोणी विचारले नव्हते. तिनेही कोणाला विचारले नव्हते.

तिने ट्रेमधल्या रिकाम्या सिरिंजकडे पाहिले.

"बाई, फुका," लंकाबाई म्हणाली. "थांबू नका."

चांगुणा फुंकत राहिली. लंकाबाई बाळाची पाठ चोळत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे, बाळाचे तोंड आक्रसले आणि मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज निघाला.

त्याबरोबर दार ढकलून शहजादीबी आत आली. ओसरीवर तिला चांगुणाचा चढलेला आवाज ऐकू गेला होता.

"थेरडे, अफू चारली व्हय माझ्या सुनंला? ऊठ! हात काढ पोरावरनं!"

"तिनं नाही," चांगुणा म्हणाली. "मी दिली. ते इंजेक्शन अफूच्याच जातीचं असतं. ते बाळात उतरलं."

शहजादीबी दोन पावले पुढे आली. मग तिचे डोळे भरून आले.

"किती पांघरून घालताल बाई हिच्यावर? सुईतनं कुटं अफू जाती? तुमी हुत्या म्हनून माझा नातू हाताला लागला."

"अहो, ऐका माझं..."

शहजादीबीने लंकाबाईचा दंड धरलाच होता. लंकाबाई वाद न घालता गुडघ्यावर हात टेकून उठली. दारापाशी मात्र मागे वळली.

"बाई, आज त्याला लई झोपू देऊ नका. श्वास घ्यायचा इसरतो." तिने ओचा खोचला. "मी येकदा झोपू दिला हुता."