ओव्हन गरम असतानाच

त्या घरात ओव्हन भाजायला सगळ्यांचा होता आणि घासायला एकट्या थोरल्या सुनेचा. दर शनिवारी सासूबाई पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून तो ओव्हनच्या आतून फिरवायच्या. रुमाल काळा निघाला, की पुढचे दोन दिवस थोरलीच्या माहेराचा उद्धार व्हायचा. मुलगे पेपरात डोकं खुपसून बसायचे. मूग गिळून बसण्यात या घरातल्या पुरुषांचा हात कुणी धरला नसता.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी थोरलीने घाईत गरम ओव्हनमध्ये तो जळका थर काढायचा फवारा मारला होता. वाफ थेट घशात गेली आणि आठवडाभर तिचा आवाज बसला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं, घरात जरा शांतता." तेव्हापासून थोरली शहाणी झाली. ओव्हन पार गार झाल्याशिवाय ती त्याला हात लावायची नाही. प्लग काढायची, खिडक्या सताड उघडायची, हातात रबरी मोजे घालायची, तोंडाला फडकं बांधायची. तापणाऱ्या सळीवर थेंबही पडू द्यायची नाही, आणि शेवटी ओल्या फडक्याने सगळं पुन्हा पुन्हा पुसून काढायची. ही विद्या तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.

मग धाकटी जाऊ आली आणि थोरलीला हसायला माणूस मिळालं. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या, की धाकटी फडकं बोटाला गुंडाळून थोरलीच्या गालावरून फिरवायची आणि नाक मुरडून म्हणायची, "हे काय, माहेरी हेच शिकवलं का?" दोघी तोंडावर पदर दाबून हसायच्या. इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरात कुणी हसलं नव्हतं.

धाकटी साबणाच्या कारखान्यात वास तपासायची. तिचं नाक असं, की फ्रीज उघडायच्या आधीच आत काय नासलंय ते सांगायची. कारखान्याने तिला दुसऱ्या गावातल्या नव्या शाखेत मोठी जागा देऊ केली, सोबत राहायला घरही. सोमवारी फक्त एक चाचणी होती, बाटल्या हुंगून दाखवायच्या. ती झाली की नवराबायको सामान बांधणार होते. सासूबाईंनी अन्नपाणी सोडायची धमकी दिली, पण तिला कुणी भीक घातली नाही.

थोरलीने तोंड भरून अभिनंदन केलं. मनात मात्र वेगळंच होतं. ही सुटणार आणि मी इथेच मरणार, त्या रुमालाखाली. तिला धाकटीचा राग आला, आपल्या नवऱ्याचाही कधी आला नव्हता इतका.

शनिवारी सकाळी सासूबाईंचा केक भाजून झाला आणि धाकटी बाह्या सरसावत आली. "ताई, आज ओव्हन मी घासते. जायच्या आधी एकदा तरी तुम्हाला सुट्टी. कसं करायचं तेवढं सांगा."

थोरलीने फवारा तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "गरम असतानाच फवारा मार. थर लवकर सुटतो."

"आणि खिडकी?"

"लावून घे. वाऱ्याने फवारा उडतो. आणि डोकं जरा आत घाल, मागचा कोपरा दिसत नाही."

चार दिवस नाक चोंदेल, चाचणी हुकेल, बस्स. आपल्या मनात एवढंच होतं, असं ती पुढे स्वतःला सांगायची. ते खोटं नव्हतं, पण त्याने पाप धुतलं जात नाही. ती गॅलरीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालू लागली. आतून खोकला ऐकू आला. तिने एक चादर घडी केली. खोकला वाढला, तशी तिने तीच चादर उलगडून पुन्हा घडी केली. काहीतरी पडल्याचा आवाज झाला तेव्हा कुठे ती धावली.

घसा बरा झाला, डोळेही निवळले. वासाचं डॉक्टरांनी सांगितलं, परत येईल तर येईल. तो आला नाही. धाकटीला गुलाब आणि रॉकेल सारखंच झालं. नवी जागा गेली, मग जुनीही गेली. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सुंठीवाचून खोकला गेला. पोरगा घरात राहिला."

थोरलीला हवं ते मिळालं. दुपारभर धाकटी आता तिच्या शेजारी बसते. पण हसत नाही. दुधाचं पातेलं घेऊन येते आणि विचारते, "ताई, बघा ना, नासलंय का?" तिला कसलाच संशय नाही. उलट म्हणते, "तुम्ही नीट सांगितलं होतं. माझंच काहीतरी चुकलं."

परवा शनिवारी सासूबाई केक बाहेर काढून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हिला आता वासबीस काही येत नाही. मग ओव्हन हिच्याकडेच असू दे. थोरले, तू उगाच कशाला त्रास काढतेस?"

धाकटीने गुपचूप फवारा उचलला. दाराशी वळून तिने विचारलं, "तसंच ना ताई? गरम असतानाच?"

नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग त्या दिवशी तसं का सांगितलंत? समोर सासूबाई होत्या, पेपरामागे दोघींचे नवरे होते. धाकटीची नजर अजून तिच्यावर होती, पूर्ण विश्वासाची. तेवढी एकच नजर या घरात थोरलीची होती, आणि ती तिला घालवायची नव्हती.

"हो," थोरली म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघराची खिडकी तिनेच लावून दिली.