तपकिरीच्या डबीतले चार दात

आरमोरीमार्गे जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त सत्यशीलाबाई चढल्या, तेव्हा त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुठ्ठा होता आणि पिशवीत तपकिरीची जुनी डबी. डबीत तपकीर नव्हती. कापसावर ठेवलेले अंजनाबाईंचे वरच्या जबड्यातले चार दात होते.

अंजनाबाई त्यांच्या घरमालकीण; विधवा, निपुत्रिक. भादव्यात गावात तापाने दोन मुले दगावली. ताप हिवतापाचा होता. फवारणीवाले येऊन गेले त्याच संध्याकाळी, औषधाचा वास जावा म्हणून, गावाने भिंती शेणामातीने सारवून काढल्या होत्या. औषध सारवणाखाली आणि डास सारवणावर, अशी चोख व्यवस्था गावाने स्वतःच लावली होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंनी हे घरोघरी सांगितले. गावाला हे कारण फारच साधे वाटले. पुजाऱ्याला विचारण्यात आले आणि त्याने अंजनाबाईंचे नाव घेतले. चार भाऊ पाठीशी असलेल्या बाईला करणी येते, असे निदान त्या भागात अद्याप कोणत्याही पुजाऱ्याने केलेले नाही.

उपाय वाडवडिलांपासून ठरलेला होता. करणी करणारीचे दात पाडायचे. म्हणजे तिला मंत्र नीट म्हणता येत नाही आणि तो लागत नाही. या सिद्धांताचा एक गुण मान्य करायला हवा: तो तपासून पाहता येतो. ती तसदी कोणी घेतली नाही. दगड घेतला.

ठाण्यावरच्या जमादाराने तक्रार लिहून घेतली नाही. "म्हाताऱ्या बाईचे दात पडनारच ना बाई. तुमचे बी पडतीन एक दिवस," एवढे शास्त्र सांगून तो जेवायला गेला. मारणारे चौघे मोकळे होते. त्यांच्यातल्या भैयाजीने विहिरीवर सर्वांदेखत सांगितले होते की खालचे दात अमावास्येच्या आत काढू. अंजनाबाई आतून कडी लावून तांदळाच्या पेजेवर दिवस काढत होत्या, आणि अमावास्या चार दिवसांवर आली होती. सत्यशीलाबाईंनी जिल्हाधिकारी कार्यालयापुढे बसायचे ठरवले, तेव्हा मुख्याध्यापकांनी या आंदोलनाला तात्त्विक पाठिंबा दिला. तात्त्विक पाठिंब्याला तिकीट लागत नाही.

"बाई, नाटकाचा पडदा घेऊन चालल्या का?" कंडक्टरने पुठ्ठ्याकडे पाहून विचारले.

"मोर्चा आहे."

"बाकीचे कुठी हायेत?"

"मी एकटीच."

"एकाच मानसाचा मोर्चा? मंग पुढारी कोन अन् पब्लिक कोन?" एस.टी. हसली. कंडक्टरने तिकीट फाडले. "घोषना देजा, बाई. मागून आमी देतो साथ."

शेजारी गुणवंतराव बसले होते; बाजूच्या गावचे माजी सरपंच. त्यांचे त्याच कार्यालयात मुरमाच्या खदानीचे काम होते. "तुमी शिकलेल्या लोकायचं असंच असते बाई," ते मायेने म्हणाले. "मले सांगा, काहीच नसते तर एवढे लोक मानून काऊन राह्यले?"

"एवढे लोक दारूही पितात, भाऊ. त्यावरून दारूत पोषण आहे असं ठरत नाही."

गुणवंतरावांनी तोंड खिडकीकडे वळवले. सकाळची त्यांनीही घेतली होती.

कार्यालयाच्या फाटकाशी, कडुनिंबाच्या सावलीत, सत्यशीलाबाईंनी पुठ्ठा उघडून समोर उभा केला: "तुटलेले दात वयाने पडत नाहीत. गुन्हा नोंदवा." खाली रुमालावर डबी उघडी ठेवली. जगाने दखल घेतली ती अशी: एक शेतकरी उकिडवा बसला, गाल चाचपत म्हणाला, "अक्कलदाढ काढाचे किती घेता, बाई?" सत्यशीलाबाईंनी सगळी हकिकत सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, "मंग काढून देत नाई?" दुपारपर्यंत असे तिघे आले. आंदोलनाला मिळालेला हा एकमेव लोकप्रतिसाद.

फाटकाबाहेर बरे दिसत नाही, या कारणाने अखेरीस साहेबांनी त्यांना आत बोलावले. गुणवंतराव आधीच तिथे बाकावर बसले होते.

"मॅडम, आम्ही असल्या भाकडकथांना थारा देत नाही," साहेब म्हणाले. "मी स्वतः बी.एस्सी. आहे."

"मग सोपं जाईल." सत्यशीलाबाईंनी डबी टेबलावर उघडली. "दात वयाने पडला तर मुळासकट येतो. हे चारही हिरडीपाशी मोडले आहेत. मुळं अजून जबड्यात आहेत."

साहेब वाकले आणि तसेच थबकले. "हे... त्याच बाईचे?"

"त्याच."

चहा घेऊन आलेला शिपाई सोमाजी उंबऱ्यावरच थांबला. "साहेब, मी चहा बाहेरच ठेवतो." गुणवंतराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. साहेबांची खुर्ची कुरकुरत मागे गेली.

"झाकण लावा. हे इथून न्या."

"पुरावा आहे. ठेवून जाते."

"नको, नको! म्हणजे, मुद्देमाल ठाण्यावर जमा होत असतो." साहेबांनी आवाज खाली आणला. "मॅडम, घरी लहान मूल आहे. समजून घ्या."

सत्यशीलाबाईंना समजले. मुळांबद्दल, जबड्याबद्दल, कायद्याबद्दल त्या आणखी तासभर बोलू शकल्या असत्या आणि साहेबांनी सगळे मान्य केले असते. दुसरे एक वाक्य होते. ते उच्चारल्यावर वर्गात फळ्यापुढे उभे राहणे जड जाणार होते. अंजनाबाईंचा खालचा जबडा मात्र शाबूत राहणार होता.

"गुन्हा नोंदवला गेला तर डबी मी परत नेईन," त्या सावकाश म्हणाल्या. "नाहीतर अमावास्येपर्यंत याच टेबलावर राहू दे, असं अंजनाबाईंनी सांगितलं आहे."

अंजनाबाईंनी असे काहीही सांगितले नव्हते. त्यांना धड बोलताच येत नव्हते.

साहेबांनी फोन उचलला. ट्रंक कॉलला या जिल्ह्यात लागणारा वेळ पाहता ठाणे चमत्कारिक लवकर लागले. चौघांची नावे साहेबांनी स्वतः दोनदा सांगितली, भैयाजीचे तीनदा. "आजच आत घ्या. मला संध्याकाळी कळवा." मग डबीकडे न पाहता त्यांनी सत्यशीलाबाईंना हात जोडले. बी.एस्सी. माणसाने बी.एस्सी. बाईला इतक्या मनोभावे केलेला नमस्कार विरळाच.

परतीच्या एस.टी.त कंडक्टर सकाळचाच होता. गुणवंतराव त्यांच्या आधी चढले होते आणि ड्रायव्हरमागे बसून काही सांगत होते. सत्यशीलाबाई दिसताच ते गप्प झाले. गाडी खच्चून भरलेली होती. तरीही तिघांची एक सीट उठून रिकामी झाली.

"बसा बाई. पुरी सीट तुमचीच." कंडक्टरने तिकीट हात लांब करून दिले. बोटाला बोट लागू दिले नाही. मोर्चाचे काय झाले, हे त्याने विचारले नाही.

आरमोरी मागे पडल्यावर पुढच्या सीटवरची एक बाई मागे वळली. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "बाई, माह्या सुनेले तीन वर्सं झाले, पोट राहत नाई. तुमाले येते म्हन्ते ना. काही पाहून देता का?"

"मला काही येत नाही. सुनेला दवाखान्यात न्या. मुलालाही न्या."

बाईने समजुतीने मान हलवली. येणारे असेच म्हणतात, हे तिला माहीत होते. ती पुढे वळली आणि शेजारणीच्या कानाशी लागली. शेजारणीने वळून पाहिले. मग तिच्या पुढच्या माणसानेही. त्या माणसाची नजर सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांवर नव्हती, तोंडावर होती.

सत्यशीलाबाईंनी ओठ मिटून घेतले आणि आतून वरच्या दातांवरून जीभ फिरवली.

सगळे जागच्या जागी होते. त्या चार दात घेऊन त्याच गावी परत चालल्या होत्या, आणि तिथे त्यांच्याही पाठीशी चार भाऊ नव्हते.