इंजिनाचा नारळ

न्हावऱ्याच्या भिमाजी आप्पांची गाडी झटके मारायला लागली, तेव्हा त्यांनी बॉनेट उघडून थेट इंजिनावर नारळ फोडला. झटके वाढले, तसे आप्पांनी नारळही वाढवले. भक्ती दांडगी होती, पण तिच्यापायी मुलगा रविराजसाठी केडगावला मुलगी बघायला निघालेली मंडळी दोनदा वाटेतूनच परत आली होती. मुलीच्या बापानं, केडगावच्या बबनरावांनी निरोप धाडला, "रविवारी आलात तर बरं, न्हाईतर आमाला दुसरं स्थळ हाय."

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी शिरूरला सुदर्शन मेकॅनिकचं गॅरेज गाठलं. प्लगला ठिणगी देणाऱ्या चार कॉइल, त्यातल्या दोन नंबरवर त्याला संशय आला. ती काढून त्यानं तीन नंबरला लावली, तर बिघाडही तिच्या पाठोपाठ तीनवर गेला.

"कॉइलच गेलीया, आप्पा." मग त्यानं प्लगच्या भोकात बोट घालून वास घेतला. "पर हितं खोबऱ्याचा वास कसा?"

आप्पा आभाळाकडं बघू लागले.

"बोला की आता!" शेजारी उभ्या त्यांच्या पत्नी साखरबाई कडाडल्या. "इंजिनाला रोज नारळपाणी पाजत्यात ह्ये!"

सुदर्शननं हसू दाबत भोक साफ केलं, नवी कॉइल बसवली. गाडी लोण्यासारखी चालू लागली. "गावात कुनाला कळू देऊ नगं रे," आप्पांनी त्याला बजावलं.

रविवारी केडगावात सगळं जुळलं. रविराज आणि बबनरावांची सुलक्षणा दोघंही खुश होती. टोपी-टॉवेल देऊन मानपान झाला आणि बबनराव नारळ घेऊन गाडीकडं निघाले. "आप्पा, बॉनेट उघडा. शुभ काम हाय, इंजिनावर फोडू."

"नको! नारळ नको!" आप्पा बॉनेटवर आडवेच झाले.

मुलीकडचा नारळ नाकारला म्हणजे सोयरीक मोडली. सुलक्षणाच्या आईनं पदर डोळ्याला लावला, रविराजचं तोंड उतरलं. आप्पांनी पोराकडं बघितलं. अब्रू गेली तर जाऊ दे, त्यांनी ठरवलं.

"पावणं, नारळ माझ्या पदरात टाका, पर इंजिनात नगं. म्या असाच येडेपणा करून कॉइल जाळली, ती शिरूरच्या मिस्त्रीनं बदलली. म्हनून दोनदा यायचं ऱ्हायलं."

बबनराव हसले नाहीत. गोठ्याशेजारी उभ्या आपल्या गाडीकडं बघत हळूच म्हणाले, "आमची बी दसऱ्यापासनं झटकं मारतीया. त्यो शिरूरचा मिस्त्री आज घावंल का, व्याही?"